धूर धुवायचा युरिया

१० जून, मंगळवार

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राग आला की तोंड उघडू नका, वही उघडा." दंडाला पट्टा गुंडाळून माझं ब्लडप्रेशर बघताना त्या हसत होत्या. मला त्याचाही राग आला. पण गोळी वाढवून घेण्यापेक्षा वही बरी, म्हणून कागलला परतताना ही विकत घेतली.

तर रागाचं कारण असं. माझ्या दारात आज गॅसवर चालणारा ट्रक उभा आहे. रिक्षा नव्हे, टेम्पो नव्हे, दहा चाकांचा ट्रक! हायवेवर उभी हयात घातलेल्या माणसाच्या दारात!

पशुखाद्याच्या कारखान्याचं कायमचं काम मिळतंय. गगनबावड्याचा घाट उतरून खाद्याची पोती कोकणात टाकायची आणि येताना जांभ्याचे चिरे भरून आणायचे. त्यासाठी आणखी चार गाड्या लागणार. मी म्हटलं, चारही डिझेलच्या. तेजस्वी म्हणाली, गॅसच्या. ही माझी एकुलती एक लेक. पुण्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी आली आणि माझं ऑफिस बघायला लागली. ऑफिस बघ म्हटलं होतं, मला शिकव असं म्हटलं नव्हतं.

भांडून भांडून तोडगा निघाला. आधी दोन्ही जातींची एकेक गाडी घ्यायची, जून संपेपर्यंत सारख्या खेपा करायच्या. ज्या गाडीचा खर्च आणि खोळंबा कमी, तिच्या जातीच्या चार घ्यायच्या. मी एक अट घातली की ड्रायव्हरच्या चुकीनं काही झालं तर ते गाडीच्या नावावर धरायचं नाही. गॅसच्या गाडीवर सम्राट आहे, पोरगं नवं आहे, म्हणून मोठ्या मनानं घातली. माझ्या डिझेलवर जोतीराम. माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं, आता जावई आलाय. त्याच्या हातून चूक व्हायची नाही.

मग तेजूनंही अट घातली. "डिझेल जिंकलं तर माझं इथं काय काम? पुण्याची कंपनी परत बोलावतेय. दहा जुलैपर्यंत उत्तर द्यायचंय. मी जातो."

पुण्यात राहून 'जाते, येते' म्हणायला शिकलेली पोरगी, रागावली की आमच्या कोल्हापूरच्या बायकांसारखी 'जातो' म्हणते.

"जा की!" मी म्हणालो.

आता म्हटलंय तर म्हटलंय.

१३ जून, शुक्रवार

गॅस संपला! म्हणजे गाडीतला नव्हे, पंपावरचाच. सम्राट सकाळी पंपावर गेला तर पुढं रिक्षांची रांग. त्याचा नंबर आला तेव्हा पंपवाला म्हणतो, प्रेशर न्हाय, अर्धीच टाकी भरंल. गाडी दुपारी निघाली. माझा जोतीराम तेवढ्या वेळात घाट उतरून जेवायला बसला होता.

मी तेजूला म्हटलं, "अगं, गॅस ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे. तिनं भात शिजवावा. चिरे ओढायचे ते डिझेलनंच."

तर आक्का मध्ये पडली. आक्का माझी थोरली बहीण. तेजूची आई गेल्यापासून घर आणि मागचा ऊस दोन्ही तीच बघते. म्हणते कशी, "तुझा च्या त्याच गॅसवर हुतोय न्हवं? मग पिताना का न्हाय वरडत?"

या घरात मला एकही मत नाही.

१७ जून, मंगळवार

आज तेजूनं आठवड्याचा खर्च दाखवला. खोळंबा होऊनही गॅसची गाडी स्वस्त पडतेय. फार नाही, पण पडतेय. आणि का, तर युरिया!

हा काय प्रकार आहे ते लिहूनच ठेवतो. नव्या डिझेल गाडीला डिझेल पाजून भागत नाही. तिला शेजारी दुसरी निळ्या झाकणाची टाकी असते आणि तिच्यात युरियाचं पाणी ओतावं लागतं. कशाला, तर धूर धुवायला. धूर! आमच्या जुन्या गाड्या धूर सोडायच्या तेव्हा लोक लांबूनच बाजूला व्हायचे. आता धुराला आंघोळ घाला. आणि हे पाणी पंपावर बादलीनं विकत घ्यायचं, वर मोठ्या कंपनीचा शिक्का. निव्वळ लूट आहे.

मी म्हटलं, युरिया? अरे, तो तर माझ्या गोठ्यात पडलाय! आक्कानं उसासाठी आणलेलं पोतं तसंच होतं. ज्या माणसाच्या घरात विहीर आहे त्यानं पाण्याची बाटली विकत घ्यायची का?

तेजू ऑफिसात गेल्यावर ड्रममध्ये विहिरीचं पाणी घेतलं, पोतं फोडलं, वेळूच्या काठीनं ढवळलं. मी काही अडाणी नाही, आक्काच्या जुन्या पातळातून तीनदा गाळलं. नितळ झालं. वर लिंबोळीच्या तेलाचा जरा तवंग होता, शेतीच्या युरियाला ते चोळलेलंच असतं, तो हातानं काढला.

जोतीराम झाकण उघडून उभा होता. म्हणाला, "आण्णा, ह्ये चालतंय न्हवं?"

"युरिया तो युरिया."

"पंपावरच्या बादलीला सील असतंय…"

"सीलाचेच पैसे घेतात ते. ओत."

"तुमी म्हणताय तर…" म्हणाला आणि ओतलं. जोतीरामचं हेच चांगलं आहे. एकदा सांगितलं की पुरे. तेजूला सांगायची गरज नाही, मालकानं अक्कल चालवू नये अशी अट कुठं होती?

२० जून, शुक्रवार

डिझेल पुढं! तेजूनं आकडे दोनदा तपासले. "युरियाचा खर्च पडला नाही का या आठवड्यात?" विचारलं. मी म्हटलं, "हात राखून वापरतोय जोतीराम." तिनं त्या आकड्याखाली रेघ मारली.

जेवताना एकच भाकरी खाल्ली तिनं. मला वाटतं पित्त झालं असावं. मग आक्काला विचारत होती की आईची लोखंडी ट्रंक माळ्यावर आहे का. कशाला हवी कोण जाणे. आईची आठवण येत असेल. मी आक्काला सांगितलं, रविवारी मटण आण, पांढरा रस्सा कर, पोरीच्या तोंडाला चव येईल.

जोतीरामचा फोन आला होता. समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागलाय म्हणे. "लागू दे," म्हटलं. "गाडी चालतेय ना?" "चालतीया, पर पिकअप जरा कमी वाटतोय." या नव्या गाड्यांना सतरा दिवे, त्यांना नुसतं लागायचंच काम. माझ्या पहिल्या गाडीला हेडलाइटसुद्धा एकच होता. तिनं माझं घर उभं केलं.

२४ जून, मंगळवार

आधी गोळी घेतली, मग वही उघडली.

गाडी घाटात बंद पडली. चिरे भरून वर येत होती. गगनबावड्याच्या खाली शेवटच्या वळणांत पिवळ्याचा लाल दिवा झाला आणि गाडीनं ओढायचं सोडलं. पाऊस कोसळत होता, धुकं एवढं की पुढचं वळण दिसत नव्हतं. भरलेली गाडी मागं सरकायला लागली. जोतीरामनं ती डोंगराच्या अंगाला दाबली, गटारात चाक घातलं आणि थांबवली. दुसऱ्या अंगाला दरी होती. मागं एसटी होती, भरलेली.

चाकाखाली चिरे लावून तो पठ्ठ्या रस्त्यात उभा राहिला. अंगातला शर्ट काढून हलवत येणाऱ्या गाड्यांना थोपवत होता. भर पावसात, दुपार कलेपर्यंत. सम्राट गॅसची गाडी घेऊन मागून आला तेव्हा जोतीरामला बोलता येत नव्हतं, दात वाजत होते. तेजू फोन आल्याआल्या जीप घेऊन गेली. तिनंच त्याला आणलं आणि गाडी क्रेननं वर्कशॉपला लावली.

मी इथं फोनवर ओरडत बसलो. गाडी विकणाऱ्याला शिव्या दिल्या. नवी कोरी गाडी, आणि घाटात मालकाला दगा देते!

२६ जून, गुरुवार

वर्कशॉपवाला म्हणतो, युरिया खराब आहे. पाईपात पांढरे खडे झालेत, नळी गच्च बसलीय. "ताई, ह्ये काय घातलंय?" असं तेजूला विचारत होता. मी तिथंच पेटलो. खराब? मी स्वतः तीनदा गाळलेला!

तडक गणपतरावांच्या पंपावर गेलो. पहिली बादली तिथलीच होती, तिची घाण तळाला बसली असणार. चार लोकांदेखत विचारलं, "गणपतराव, लोकांच्या जिवावर उठलाय का?" गणपतराव माझ्या शाळेतले. शांतपणे म्हणाले, "विजयसिंह, माझ्या बादल्या सीलबंद हायत, कुठली बी तपासून घे. तू तर पयल्या बादलीनंतर फिरकलाच न्हाईस. मग टाकीत काय घालत हुतास, सांग की."

रस्ताभर विचार केला. पंपाचा युरिया सीलबंद. माझा शुद्ध, सरकारी, शेतकऱ्याला दिलेला. दोन्ही बाजू निर्दोष. मग खराब झाला कुठं? मधल्या हातात. जोतीरामनं माझं पाणी कुणाला तरी विकलं असेल आणि टाकीत भलतंच काही भरलं असेल. नाहीतर वाटेत ओढ्याचं पाणी घातलं असेल. एवढ्या वर्षांचा माणूस! मीठ खाल्लं माझं!

ऑफिसात बोलावलं त्याला. घोंगडं पांघरून आला. तेजू खुर्चीत होती. मी विचारलं, "टाकीत काय घातलंस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तेजूकडे बघितलं. मग खाली.

"बोल की!"

"व्हय आण्णा. माझंच चुकलं आसंल."

कबूलच केलं! मी म्हटलं, किल्ली ठेव. त्यानं टेबलावर किल्ली ठेवली, टेबलाला हात लावून कपाळाला लावला आणि गेला.

तेजू एवढंच म्हणाली, "आण्णा, एकदा नीट आठवून बघा." मी म्हटलं, "ड्रायव्हरची चूक. अट तुला ठाऊक आहे. घाटातलं धरायचं नाही." तिनं टेबलावरची किल्ली उचलून खणात ठेवली. माझ्या रागापुढं तिला बोलायला सुचलं नसणार.

३० जून, सोमवार

जिंकलो. घाटातला दिवस आणि वर्कशॉपातले दिवस वगळले तर डिझेल पुढं आहे. तेजूनं स्वतः बेरीज केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "चार डिझेल," म्हणाली. "मी कंपनीला कळवतो."

तिला म्हटलं, दहा तारखेपर्यंत वेळ आहे ना, घाई कशाला. उगीच म्हटलं.

पेढे आणले होते. आक्कानं खाल्ला नाही. सम्राटनं घेतला आणि खिशात ठेवला. ट्रंक माळ्यावरून खाली आलीय, तेजूच्या खोलीत दारामागं आहे. चुकून पायाला लागली तर ती मोकळी वाजली नाही, भरलेली वाजली. मला कुणी सांगत नाही या घरात.

जिंकलेल्या माणसाला झोप का लागू नये, हे डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

४ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते. पण वही रागासाठी आहे, आणि आज मला कधी आला नव्हता एवढा राग आलाय.

सकाळी आक्का गोठ्यातून ओरडत आली. "माझं युरियाचं पोतं कुठं गेलं? उसाला काय तुझं डोस्कं घालू?"

म्हटलं, आता लपवायचं कशाला, जिंकलोय तर. सांगितलं सगळं. ड्रम, पातळ, तीनदा गाळणं.

आक्का मटकन खाली बसली. "आरं विजा, परवाच्या साली म्हशीच्या पाण्याच्या बादलीत ह्योच युरिया पडला आणि रेडकू तडफडून गेलं. तवा तूच वरडत हुतास न्हवं, ह्यो उसाचा हाय, ह्याला दुसरीकडं लावू नगा म्हणून? मग गाडीला कसा चालला रं?"

"गाडी म्हणजे रेडकू नव्हे! गरम नळीत तो धूर होऊन उडून जातो."

"मग दाव उडवून."

दाखवतोच म्हटलं! ड्रमच्या तळाला तांब्याभर उरलं होतं. पातेल्यात घेतलं आणि चुलीवर ठेवलं. गॅसच्या. आधी पाणी आटलं, मग असा उग्र वास सुटला की दोघांच्या डोळ्यांतून पाणी. आक्का पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. मी थांबलो. मला उडून गेलेलं बघायचं होतं.

उडालं नाही. पातेल्याच्या तळाला पांढरं कवच धरलं. उलथन्यानं खरवडलं, निघेना. सुरीनं टोकरलं, निघेना. वर्कशॉपवाल्यानं तळहातावर घेऊन दाखवले होते तसेच खडे.

ते पातेलं घेऊन मी गोठ्यातल्या ड्रमपाशी गेलो. मागं एसटी होती, भरलेली. जोतीराम शर्ट हलवत होता. हे मी केलं. पंपवाल्यानं नाही, कंपनीनं नाही, जोतीरामनं नाही. मी, आक्काच्या पातळातून तीनदा गाळून!

आणि त्यानं "माझंच चुकलं आसंल" म्हटलं तेव्हा मी त्याची किल्ली घेतली.

५ जुलै, शनिवार

जोतीरामच्या घरी गेलतो. गगनबावड्याच्या वाटेवर वाडी आहे त्याची. दारात त्याची बायको चिमणाबाई तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मला आण्णा म्हणणारी बाई. आज म्हणाली, "या पावणं. बसा."

पावणं! कुणीही रस्त्यावरच्या परक्या माणसाला म्हणतं तसं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जोतीराम आत पडून होता. ताप उतरलाय, खोकला आहे. मी म्हटलं, "जोत्या, युरिया माझा होता. खराब तोच होता."

"ठावं हाय की आण्णा."

"ठावं होतं? मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तेजूताई समोर बसल्याल्या. पोरीसमोर बापाला खोटं कसं पाडू?"

"आणि नोकरी?"

"नोकरी काय, दुसरी बी घावती."

चिमणाबाई दारातून म्हणाली, "तुमची लेक दोनदा यिऊन गेली. डाक्टरकडं तीच घिऊन गेली ह्यास्नी."

मग कळलं. तेजूला वर्कशॉपमध्येच कळलं होतं. ड्रम, पातळ सगळं तिनं गोठ्यात बघितलं होतं. ती जोतीरामला म्हणाली होती, "मी सांगितलं तर आण्णा ऐकणार नाहीत, उलट माझ्यावरच उखडतील. त्यांना स्वतःहून कळू दे. नाहीच कळलं, तर जायच्या आधी मी सांगतो."

म्हणजे बेरीज करून चार डिझेल म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं. ट्रंक भरताना माहीत होतं. मला भयंकर राग आला. सगळ्यांनी मिळून मला मूर्ख ठरवलं! घरी येईपर्यंत राग होता. कागलजवळ आल्यावर ध्यानात आलं की ठरवायला त्यांना काही करावंच लागलं नव्हतं.

जोतीरामच्या उशाशी किल्ली ठेवून आलो. निघताना चिमणाबाई म्हणाली, "च्या ठेवलाय, आण्णा." प्यायलो. साखर जास्त होती, पण बोललो नाही.

९ जुलै, बुधवार, बेंदूर

बेंदूर हा बैलांचा सण, पण आमच्याकडं बैल राहिले नाहीत तेव्हापासून गाड्या पुजतो. धुवायच्या, बॉनेटला गेरू लावायचा, हार घालायचा, गुलाल टाकायचा. जोतीराम आला होता. दुरुस्त होऊन आलेली डिझेलची गाडी त्यानं धुतली. गॅसची सम्राटनं.

त्याआधी सकाळीच पंपावर जाऊन आलो. त्या दिवशीच्याच चार लोकांदेखत गणपतरावांची माफी मागितली आणि युरियाच्या बादल्या घेतल्या. ते नुसतं सील दाखवत होते, प्रत्येक बादलीचं.

मग घरात सगळ्यांसमोर तेजूला म्हटलं, "पैज रद्द. चूक ड्रायव्हरची नव्हती, मालकाची होती. मालकाच्या चुकीची अट घातली नव्हती आपण."

"मग?"

"मग गॅस जिंकला. चारही गॅसच्या घे."

"नाही आण्णा." मला वाटलं ती निघालीच. पण तिनं आकड्यांचा कागद काढला. "चढाला चिरे भरून गॅसची गाडी दमते. पलीकडं पंप कमी, रांगेत दिवस जातो. घाटाला डिझेलच बरी. गॅसच्या दोन पुण्याच्या हायवेला लावू. तिथं त्या धावतात."

"म्हणजे घाटाला डिझेल, हे माझं बरोबर होतं?"

"बरोबर होतं. पुढच्या आठवड्यांत गॅसचे खोळंबे वाढले, नीट युरिया घातला असता तरी तुम्हीच जिंकला असता, थोडक्यात."

सरळ चाललो असतो तरी जिंकलो असतो. आणि तेजू पुण्याला गेली असती. माझं तोंड बंद झालं असं आक्का म्हणते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

राहा, हे एवढं दोन अक्षरी सांगायला काय जातं? पण ते माझ्या तोंडून येईना. मग खिशातून डिझेलच्या गाडीच्या त्या निळ्या झाकणाची किल्ली काढली. त्या टाकीला वेगळं कुलूप असतं. तिच्या हातावर ठेवली.

"ही तुझ्याकडं ठेव. माझ्या हाताला लागू देऊ नको. टाकी तूच भरून घ्यायची, दर खेपेला. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही, आणि माझ्यावर तर मुळीच नाही."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

तिनं किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "आण्णा, पुण्याला फोन करून येतो मी," आणि दाराबाहेर गेली. मी खिडकीशी गेलो. नेमकी तेव्हाच वेशीतून बेंदराची मिरवणूक आली. हलग्या अशा कडाडत होत्या की एक अक्षर ऐकू येईना. ती बोलत होती, मान हलवत होती. व्हय का न्हाय, काहीच कळेना. मी खिडकीतून हलगीवाल्यांवर ओरडलो, त्यांना वाटलं मी शाबासकी देतोय. आणखी जोरात वाजवायला लागले.

ती आत आली, निळ्या झाकणाची किल्ली ऑफिसच्या जुडग्यात अडकवत सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आक्काला म्हणाली, "पुरण उद्याला उरंल काय? उद्या सकाळी घाटाची खेप हाय, जोतीरामकाकांच्या डब्यात द्यायचंय."

गॅसच्या गाडीला गुलाल मी माझ्या हातानं टाकला. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं की आज राग आला नाही. हलगीवाल्यांचा आला, पण तो धरायचा नाही.